मुलाच्या पायांवर पुन्हा पुन्हा जांभळे डाग (एचएसपी, म्हणजे हेनॉख-शोनलाइन पर्पुरा): नागपूरकर पालकांचे अनुभव हवेत

मानेवाड्याची_आई

नमस्कार. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. फेब्रुवारीत त्याचा घसा धरला होता. ताप उतरला आणि आठवडाभराने दोन्ही पिंढऱ्यांवर लाल ठिपके आले. आधी वाटलं डास चावले. संध्याकाळपर्यंत ते जांभळे झाले, हात फिरवला की खडबडीत लागायला लागले, आणि दुसऱ्या दिवशी घोटे इतके सुजले की शाळेचे बूट पायात जाईनात. सगळ्यांच्या तोंडी एकच, डेंग्यू. प्लेटलेट निघाल्या चार लाखांच्या वर. मग बालरोगतज्ज्ञांनी पाय बघूनच एचएसपी सांगितलं, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार. महिनाभरात आपोआप जातं म्हणाले, आणि गेलंही.

एप्रिलच्या शेवटी सर्दी झाली आणि परत डाग. या वेळी पोटात मुरडाही होता, रात्री पाय पोटाशी घेऊन रडायचा. आमचे डॉक्टर गावाला गेले होते म्हणून दुसरीकडे दाखवलं. त्यांनी स्टिरॉइडचं सिरप दिलं. पोट दोन दिवसांत थांबलं, पण सिरप बंद झाल्यावर थोडे डाग पुन्हा उमटले. जूनमध्ये पाय स्वच्छ. आता तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत पोराने अख्खी कॉलनी पालथी घातली, खिसाभर बोजारा (घरोघरी मिळणारे पैसे-खाऊ) जमवला, आणि सकाळी उठला तर मोज्याच्या रेघेपासून गुडघ्यापर्यंत पाय पुन्हा भरलेले. एका ठिकाणी तर फाईल न उघडता 'ॲलर्जी आहे' म्हणून खाजेचं औषध लिहून दिलं. खाज त्याला नाहीच.

घरात सासूबाई म्हणतात अंडी-वांगी बंद करा, उष्णता आहे. नणंद म्हणते रक्त तपासा, कॅन्सर तर नाही ना. मी रोज सकाळी पोराचे पाय मोजत बसते.

हे असं परत परत येतं का? म्हणजे आता हे जुनाट झालं का? स्टिरॉइड पुन्हा द्यावं का, की त्यानेच परत आलं? खेळू द्यायचं की नाही? एप्रिलच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये प्रोटीन 'ट्रेस' आणि लाल पेशी ४ ते ६ लिहिलं होतं. त्यावर कोणी काही बोललं नाही आणि त्यानंतर लघवी तपासायला कोणी सांगितलंही नाही. कोणाच्या घरी हे झालं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

टेस्टट्यूब

ताई, तुम्ही सगळ्यात शेवटी जी ओळ लिहिली, ती माझ्या मते सगळ्यात वर असायला पाहिजे होती. पायांचे डाग मोजणं बंद करा. लघवी तपासा. उद्याच.

मी धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे, आणि माझ्या पोरीला सहाव्या वर्षी हेच झालं. तिचे डाग दोनेक वर्षं येत-जात होते. आता ती अकरावीत आहे, ठणठणीत आहे, फक्त वर्षातून एकदा तिची लघवी आणि बीपी आम्ही अजून बघतो. त्यामुळे डॉक्टर म्हणून नाही, पण दोन्ही बाजूंनी हा आजार पाहिलेला माणूस म्हणून लिहून राहिलो.

परत येतं का, तर हो. साधारण तीनातल्या एका पोराला परत येतं. बहुतेकांना पहिल्या काही महिन्यांतच, आणि सहसा पहिल्यापेक्षा हलकं. सर्दी-खोकला झाला की निमित्त मिळतं. ते परत आलं म्हणजे वाढलं असं नाही, आणि तुम्ही काही खाऊ घातलं म्हणून आलं असंही नाही.

फाईलवर कधी एचएसपी तर कधी आयजीए व्हॅस्क्युलायटिस लिहिलेलं दिसेल. आजार एकच. शोनलाइन आणि हेनॉख हे एकोणिसाव्या शतकातले दोन जर्मन डॉक्टर, त्यांच्या नावाने हा ओळखला जायचा. २०१२ पासून नवं नाव चाललंय. शरीरात आयजीए नावाची अँटिबॉडी असते, घशाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर तिचं मुख्य काम. या पोरांमध्ये तिचे जरा सदोष बनलेले रेणू गठ्ठे करून अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतात. भिंत सुजते, तिच्यातून लाल पेशी बाहेर झिरपतात. तोच तुमचा डाग. म्हणून त्यावर काचेचा ग्लास दाबला तरी तो फिका पडत नाही, आणि म्हणूनच प्लेटलेट नॉर्मल असतात. कॅन्सरची धास्ती नणंदबाईंनी सोडून द्यावी. रक्ताचा कॅन्सर असता तर चार लाख प्लेटलेट आणि बाकी ठीक सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सहसा दिसलं नसतं.

आता पायच का? कारण रक्ताचा भार खाली पडतो. पोरगं दिवसभर उभं राहिलं, धावलं, की दुसऱ्या दिवशी पिंढरीवर नवीन पीक. मोज्याचं इलॅस्टिक जिथे काचतं तिथे तर रेघच उमटते. तान्ह्या पोळ्याला फिरला म्हणून आजार परतला नाही. आजार आत थोडा धुगधुगत होता, फिरण्याने तो पायावर दिसला, एवढंच. झोपवून ठेवलं तर डाग कमी दिसतील. किडनीला त्याने काही फरक पडत नाही.

आणि सगळा मुद्दा किडनीचाच आहे. तीच सूज किडनीच्या गाळण्यांत होते तेव्हा पोराला काही कळत नाही. दुखत नाही, जळजळ होत नाही, पोरगं मस्त सायकल चालवत असतं. एचएसपी झालेल्या पोरांमध्ये तीसेक टक्क्यांपासून अर्ध्यापर्यंत कधी ना कधी लघवीत काहीतरी सापडतं. त्यातल्या बहुतेकांचं आपोआप निवळतं. ज्या थोड्यांचं निवळत नाही त्यांना वेळेत पकडायचा एकच रस्ता म्हणजे लघवी आणि बीपी. ज्यांच्या किडनीला त्रास होतो त्यातल्या सुमारे ९७ टक्के पोरांमध्ये तो पहिल्या सहा महिन्यांत दिसून येतो. म्हणून डॉक्टर सहा महिने मागे लागतात: आधी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. वेळापत्रक प्रत्येकाचं थोडं वेगळं. आमच्या डॉक्टरांनी दर नव्या झटक्याला घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. तुम्हीही तसंच विचारा, कारण तुमच्या हिशोबात फेब्रुवारी धरला तर सहा महिने संपले, आणि तान्हा पोळा धरला तर आत्ता सुरू झाले.

आता माझ्या धंद्यातलं. लघवी म्हणजे डबी भरून दिली की झालं, असं लोक समजतात. आमच्या काउंटरवर रोज बघतो: आई दुपारी दोनला डबी आणते, सकाळी सातची लघवी, मधले सगळे तास स्कूटीच्या डिक्कीत. मे महिन्यात नागपुरात, पंचेचाळीस डिग्रीत. त्यात लाल पेशी फुटून जातात, जंतू वाढतात, आणि आम्ही रिपोर्ट देतो तो पोराचा नसतो, डिक्कीचा असतो.

रात्री झोपताना लघवी करवून घ्या. सकाळी उठल्याबरोबर पहिली, मधली धार, लॅबच्या डबीत. धुतलेल्या औषधाच्या बाटलीत नको. तासाभरात, फार तर दोन तासांत पोचवा. सकाळचीच का, तर दिवसभर उभं राहिल्याने आणि धावल्याने काही निरोगी पोरांच्याही लघवीत थोडं प्रोटीन उतरतं. झोपून उठल्यावरच्या लघवीत ते नसतं. ताप असेल त्या दिवशीही फसवा रिपोर्ट येतो.

'ट्रेस' हा शब्द पट्टीवरून येतो. पट्टीवरचा प्रोटीनचा चौकोन पिवळा असतो, प्रोटीन असलं की हिरवट होत जातो. लघवी घट्ट असली, पोरगं पाणीच प्यायलं नसलं, तर नुसत्या घट्टपणानेही जरा हिरवा दिसतो. म्हणून एकट्या ट्रेसवर घाबरायचं नाही आणि एकट्या ट्रेसवर फाईलही बंद करायची नाही. डॉक्टरांना प्रोटीन-क्रिएटिनीन रेशो लिहून द्यायला सांगा. त्यात घट्ट-पातळचा घोळ निघून जातो. या वयात ०.२ च्या खाली ठीक. २ च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. सोबत मायक्रोस्कोपी मागा, नुसती पट्टी नको. लघवी फिरवून तळाचा थेंब काचेवर घेतला की किडनीच्या गाळणीतून आलेल्या लाल पेशी वाकड्यातिकड्या, चेपलेल्या दिसतात, खालच्या मार्गातून आलेल्या गोल गरगरीत. लाल पेशींचे कास्ट (किडनीच्या नळ्यांत तयार झालेले साचे) दिसले तर ते किडनीचंच. तुमचे ४ ते ६ हे काठावरचे आहेत. एकदाच आले की टिकून आहेत, तेच बघायचंय.

घरी पट्ट्या ठेवायच्या असतील तर मिळतात. झाकण घट्ट लावा, आपल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली बाद होते. रंग बरोबर मिनिटाला वाचायचा, पाच मिनिटांनी वाचला तर काहीही दिसतं. तारीख, पट्टी, बीपी एका वहीत. बीपीचा पट्टा पोराच्या दंडाच्या मापाचा पाहिजे, मोठ्यांचा लावला तर आकडा खोटा कमी येतो.

स्टिरॉइडचं मी सांगू नये, कोणीतरी डॉक्टर लिहील.

काटोलवाले_काका

काहून घाबरून राह्यली बाई. पोराले उष्णता झाली असन. आमच्या काटोलकडे असे डाग आले का गुळवेलीचा काढा देते, रक्त साफ होते. डॉक्टर लोकं नुसत्या टेस्टा करून राह्यले. लघवी तपासून काय भेटते बापा? एकवीस दिवस काढा द्या, वरतून कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ. आमच्या पुतण्याले असंच बरं वाटलं होतं.

टेस्टट्यूब

काका, पुतण्याला बरं वाटलं असेल, कारण बहुतेक पोरांना महिनाभरात काही न देताही बरं वाटतं. श्रेय काढ्याला. कडुलिंबाच्या पाण्याने खुशाल आंघोळ घाला, वाद नाही.

गुळवेल मात्र नको. ती प्रतिकारशक्ती चेतवते म्हणूनच लोक घेतात ना? इथे प्रतिकारशक्तीच उधळली आहे. शिवाय गुळवेल घेतलेल्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद चालू द्या. ज्या पोराची किडनी आपण डोळ्यांत तेल घालून जपतोय त्याला बिनामोजणीचा काढा आणि कसलंतरी भस्म देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि लघवी तपासून काय भेटते म्हणता, तर माझ्या पोरीची किडनी भेटली. दुसऱ्या झटक्यानंतर डाग अगदी नाहीसे झाले होते, पाय पाहून कोणी म्हटलं नसतं की ही आजारी आहे. त्याच आठवड्यात रेशो १ च्या वर गेला. बीपीचीच एक गोळी, एनालाप्रिल, किडनीतून जाणारं प्रोटीन कमी करायला म्हणून पुढे बरेच महिने चालली. बायोप्सीची वेळ आली नाही.

बालरोगवाली

टेस्टट्यूबदादांनी लघवीचं इतकं छान लिहिलंय की माझ्या ओपीडीच्या भिंतीवर लावावं. मी नागपुरातच शिकले, आता चंद्रपूरला प्रॅक्टिस करते. ताई, मी तुमच्या मुलाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

स्टिरॉइडने आजार परत आला असं नाही. स्टिरॉइड पोटदुखी आणि सांध्यांची कळ लवकर थांबवतं, आणि मुरडा जोरात असेल तर ते द्यायलाच हवं. पण सुरुवातीलाच दिलं तर किडनी वाचेल, ही समजूत खरी ठरली नाही. ब्रिटनमध्ये साडेतीनशेच्या आसपास मुलांवर याची नीट चाचणी झाली, २०१३ मध्ये निकाल छापून आला: चौदा दिवस प्रेडनिसोलोन दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांत वर्षभराने लघवीतल्या प्रोटीनचा फरक नव्हता. नुसत्या डागांसाठी तर मी स्टिरॉइड देतच नाही. किडनीचा त्रास सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा जास्त डोसमध्ये आणि कधी कधी इतर औषधांसोबत द्यावं लागतं. दिलं असेल तर मनाने एकदम बंद करायचं नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. आयबुप्रोफेनसारखी औषधं लघवीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत स्वतःहून देऊ नका.

'जुनाट झालं का' याबद्दल. सर्दीनंतर अधूनमधून येणारे, फक्त कमरेखालचे, आठ-पंधरा दिवसांत पुसट होणारे डाग हा ओळखीचा प्रकार आहे. पण महिनोन्‌महिने चालू राहिलं तर मी एकदा मागे वळून बघते, की आपण दिलेलं नाव बरोबर आहे ना. डाग धडावर आणि चेहऱ्यावर असतील, सोबत अधूनमधून बिनकारणाचा ताप असेल, वजन घटत असेल, पित्तासारख्या गांधी चोवीस तासांहून जास्त राहून मागे काळसर वण ठेवत असतील, नाकातून रक्त आणि सायनस सतत असतील, खोकल्यातून रक्त येत असेल, तर बारीक रक्तवाहिन्यांचे दुसरे आजार असतात. मग रक्तात सी-३ आणि सी-४, एएनए, ॲन्का (या प्रतिकारशक्तीच्या बिघाडाच्या तपासण्या), हिपॅटायटिस बी आणि सी बघतो. त्वचेची बायोप्सीही करतो. ती अगदी ताज्या डागाची हवी, एक-दोन दिवसांतला, कारण जुन्या डागात आयजीए सापडत नाही. आणि दोन तुकडे लागतात: एक फॉर्मेलिनमध्ये, दुसरा इम्युनोफ्लोरेसन्ससाठी (आयजीए चमकवून दाखवणारी तपासणी) वेगळ्या द्रावणात. दोन्ही फॉर्मेलिनमध्ये बुडवले की दुसरी तपासणी गेली. आधी लॅबला फोन करून विचारा.

फक्त त्वचेचाच त्रास लांबला तर कोल्चिसिन किंवा डॅप्सोन देतात, बऱ्याच मुलांचे डाग आटोक्यात येतात. डॅप्सोनच्या आधी जीसिक्सपीडी तपासणी झालीच पाहिजे. ते एन्झाइम कमी असेल तर लाल पेशी फुटतात. आपल्या भागात मी आणखी एक गोष्ट बघते, सिकल. विदर्भात सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) पुष्कळ आहे, आणि नुसत्या वाहक मुलाच्याही लघवीत कधी कधी लाल पेशी येतात. अशा मुलाची लघवी एचएसपीच्या खात्यात टाकून आपण चुकीच्या दिशेने जाऊ शकतो. तपासणी साधी आहे, सरकारी दवाखान्यातही होते.

रात्री-अपरात्री कधी निघायचं ते पाठ ठेवा. शौचात रक्त किंवा जेलीसारखं, हिरवी उलटी, थांबून थांबून येणारी जोराची पोटकळ (आतड्यात आतडं अडकतं, या आजारात बहुतेक वेळा लहान आतड्यातच, म्हणून सोनोग्राफी लागते), अंडकोशाची सूज आणि दुखणं, चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची लघवी, सकाळी सुजलेले डोळे, डोकेदुखी, फिट येणं. आणि ताप असताना डाग तासातासाला पसरत असतील, मूल मलूल पडत असेल, तर हे एचएसपीच आहे असं घरी ठरवू नका. सध्या डेंग्यूचे दिवस आहेत, आणि २०१८ पासून आपल्याकडे स्क्रब टायफसही (बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप) माहीत झालाय.

रक्तवाहिन्यांच्या सुजेचे आजार बघणारे मुलांचे संधिवाततज्ज्ञ सगळीकडे नाहीत. लघवीत प्रोटीन टिकून राहिलं तर मुलांचे किडनीतज्ज्ञ गाठा, ते जास्त महत्त्वाचं. नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा एम्सच्या बालरोग ओपीडीतून सुरुवात करता येईल. जाताना फोनमधले डागांचे फोटो तारखेसकट न्या. तुमचा नंबर लागेपर्यंत पाय स्वच्छ झालेले असतात, हा माझा रोजचा अनुभव.

त्रिमूर्तीनगर_कॉर्नर

वरच्या दोघांना +१. माझा मुलगा आता बारा वर्षांचा, त्याला नऊच्या आसपास झालं होतं, परत परत यायचं. औषधाचं सगळं आलंच आहे, मी शाळेचं आणि खाण्याचं लिहिते.

आमच्याकडे पोटदुखी डागांच्या आधी आली होती. एका दवाखान्यात अपेंडिक्स म्हणून ऑपरेशनची तारीखही पडली, आणि आदल्या दिवशी आंघोळ घालताना नितंबांवर डाग दिसले. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन रद्द केलं. त्यामुळे पोट दुखलं की मूल डोक्यापासून पायापर्यंत उघडं करून बघा, चड्डीच्या आतसुद्धा.

खाण्यातलं काही बंद करायला आम्हाला कोणीही सांगितलं नाही. अंडी खाल्ली, वांग्याचं भरीत खाल्लं, काही झालं नाही. पोट दुखत असेल तेव्हा तेवढी तर्री नको, नुसते पोहे द्या, बस. स्टिरॉइड चालू असताना मात्र मीठ आणि गोड आवरावं लागतं. भूक अशी लागते की रात्री अकराला पोरगं फ्रिजसमोर उभं. पापड-लोणचं आम्ही ताटातूनच काढलं होतं.

शाळेत त्रास झाला. बाईंनी 'संसर्गजन्य आहे का' म्हणून मागच्या बाकावर बसवलं. डॉक्टरांकडून एका ओळीची चिठ्ठी आणली: हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. सोबत लिहून घेतलं की घोटे सुजले असतील त्या दिवशी पीटी नाही, बाकी दिवस मुलाला झेपेल तेवढं खेळू द्यावं. आधी मीही घरात कोंडून ठेवला होता, तो चिडचिडा झाला आणि डाग काही थांबले नाहीत. मोजे सैल इलॅस्टिकचे घेतले, त्याने रेघ पडायची कमी झाली.

लसींचंही विचारून घ्या. स्टिरॉइड मोठ्या डोसमध्ये दोन आठवडे किंवा जास्त झालं असेल तर कांजिण्यांसारखी जिवंत विषाणूची लस निदान महिनाभर पुढे ढकलतात. आणि स्टिरॉइड चालू असताना शाळेत कोणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

मानेवाड्याची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी पहिल्या लघवीचा गोंधळ, बाथरूममध्ये आम्ही दोघं आणि एक डबी, पण जमलं. नवऱ्याने ऑफिसला जाताना तशीच पोचवली, डिक्कीत नाही, हातात धरून :)

रिपोर्ट असा: पट्टीवर प्रोटीन ट्रेस. रेशो ०.३. लाल पेशी ८ ते १०, काही आकाराने विकृत. कास्ट नाहीत. पस सेल १ ते २. बीपी डॉक्टरांनी लहान पट्ट्याने घेतलं, वयाला नॉर्मल म्हणाले. रक्तातलं क्रिएटिनीन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) ०.४. सिकलची तपासणी दिली आहे, उद्या येईल. आमचे नेहमीचे डॉक्टर परत आलेत. त्यांनी फाईल पहिल्या पानापासून वाचली आणि एप्रिलच्या रिपोर्टवर पेनाने गोल केला. आत्ता औषध नाही. दर आठवड्याला लघवी, महिनाभर. रेशो वाढत गेला किंवा खाली आलाच नाही तर किडनीतज्ज्ञ.

सासूबाईंना वांग्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या डॉक्टरांना काय कळतं, पण आज भरीत केलंय.

एक शंका. दर आठवड्याला त्याच लॅबमध्ये द्यायची का? घराजवळची लॅब स्वस्त आहे, पण तिथे मायक्रोस्कोपी मशीनवर होते म्हणतात. आणि तो झोपेत कधी कधी अंथरूण ओलं करतो, मग सकाळची पहिली लघवी कशी धरायची?

टेस्टट्यूब

०.३ म्हणजे किंचित वर. विकृत लाल पेशी दिसल्यात म्हणजे किडनीला थोडी झळ लागलेली असू शकते, पण बीपी आणि क्रिएटिनीन ठीक आहे, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेलं बरोबर वाटतं. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं, आणि झोपलोही असतो.

लॅब एकच ठेवा. कुठली ते तुम्ही ठरवा, पण दर आठवड्याला बदलू नका. मशीन बदललं की आकडा थोडा हलतो आणि तुम्हाला वाटतं आजार हलला. मशीनवर होत असेल तर 'मायक्रोस्कोपी हाताने करा, एचएसपी फॉलोअप' असं फॉर्मवर लिहून द्या. असं लिहिलेलं असलं की टेक्निशियन काच थोडी जास्त वेळ बघतो, मी बघतो.

अंथरूण ओलं झालं त्या दिवशी उठल्यावर जी पहिली होईल ती घ्या, खेळायला जायच्या आधी. फॉर्मवर 'पहिली नाही' लिहा. त्या दिवशी रेशो जरा वर आला तर लगेच घाबरू नका, दुसऱ्या दिवशी परत द्या. नाहीतर पहाटे चारच्या सुमाराला उठवून लघवी करवा आणि सहाला उठल्यावर घ्या. मधले दोन तास झोपलेलाच असतो, तेवढं चालतं.

सिकलचा रिपोर्ट आला की इथे टाका. पॉझिटिव्ह आला तर लाल पेशींचा हिशोब वेगळा लावावा लागेल, तेव्हा बालरोगवाली ताईंनाच विचारू.